चालकाचं नाव

मॅटी हिंडमार्श मिस पॅलिस्टरच्या कचेरीत शिरला तो अंत्यविधीचा काळा सूट घालून. मेलं कुणीच नव्हतं. पण डरहॅमकडच्या खाणगावांत म्हाताऱ्यांपाशी एकच सूट असतो, आणि कायद्याच्या माणसाकडे जाणं व कुणाला पुरायला जाणं यांत ते फारसा भेद करत नाहीत.

खरं तर मिस पॅलिस्टर आता कायद्याच्या कामात राहिल्या नव्हत्या. वीस वर्षं त्यांनी एका फर्मसाठी लोकांचा थरकाप उडवणारी पत्रं लिहिली. एके दिवशी त्यांच्या आईला तसंच एक पत्र आलं. खाली सही त्यांचीच होती. त्यांनी नोकरी सोडली आणि खाजगी तपासाचा धंदा उघडला. जोडीला गॉडफ्री लम्ली नावाचे निवृत्त भूगोल शिक्षक होते. त्यांची उंची सहा फुटांच्या वर, आणि भूक उंचीला शोभेल अशी.

मॅटीने टेबलावर एक पत्र ठेवलं. चारी कोपऱ्यांत टाचणीची भोकं होती.

"क्रेस्टगार्ड पार्किंग," मिस पॅलिस्टरनी वाचलं. "हार्कडीन गाव, जुन्या प्रार्थनाघरामागचं मैदान. सप्टेंबरात तुमची गाडी फुकटची वेळ ओलांडून दुपारभर उभी. पैसे भरा, नाहीतर कोर्टात खेचू. हे तिसरं पत्र. आधीच्या दोहोंना काय उत्तर दिलंत?"

"उत्तर?" मॅटीचा अपमान झालेला दिसला. "बाई, आम्ही ती क्लबच्या फळ्यावर लावतो."

"कशाला?"

"ज्याची सगळ्यात जास्त, त्याला नाताळात बिअर. यंदा मला मिळाली."

हे त्याने छाती पुढे काढून सांगितलं. छाती फार मोठी नव्हती. खाणीच्या अरुंद बोगद्यांसाठीच घडवल्यासारखा तो बुटका, आटोपशीर माणूस होता.

"मग अडचण कसली?"

"तारखेची. पत्रं कुणी वाचत नाही, नुसती टोचतो. पण आमच्या सेक्रेटरीनं हे वाचलं." मॅटीचा आवाज उतरला. "त्याच दुपारी विल्फ स्टोब्जचे लीक कुणीतरी कापले. वाफा त्या मैदानाला लागूनच."

लम्लींनी हातातलं बिस्किट खाली ठेवलं. लीक ही कांद्याच्या भाऊबंदातली एक साधी भाजी. बाजारात मनगटाएवढी मिळते. हार्कडीनमध्ये ती मांडीएवढी पिकवतात, सप्टेंबरातल्या प्रदर्शनात मांडतात आणि वर्षभर तिच्यावरून एकमेकांशी बोलत नाहीत. तिकडे कुणाची बायको पळून गेली तर लोक हळहळतात. कुणाचे लीक कापले गेले तर जेवण टाकतात.

"रविवारी दुपारी समिती बसतेय," मॅटी म्हणाला. "मला क्लबातून कायमचं काढणार. आणि प्रदर्शनाच्या कपावरची, जिंकलेल्या वर्षांची माझी नावं खरवडणार. सगळी. बापाचं त्याच कपावर आहे. त्याच्या खाली माझ्या नावाच्या जागी ओरखडे राहणार."

"त्या दुपारी तुम्ही कुठे होतात?"

"घरी. अख्खं गाव डग्लस नावाच्या माणसाच्या अंत्यविधीला शहरात गेलेलं. मी गेलो नाही. डग्लस नि मी वीस वर्षं बोलत नव्हतो. पडदे मात्र ओढून बसलो होतो. मेलेल्याचा मान तो मेलेल्याचा मान."

"आणि गाडी?"

"फोटोत माझीच आहे."

"चालवत कोण होतं?"

मॅटी खिडकीबाहेर बघू लागला.

"मिस्टर हिंडमार्श, तुम्हाला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे. सांगणार नाही. कंपनी विचारते, मालक गप्प बसतो, ही आमच्याकडची रीत. कायद्यानंही बसता येतं म्हणतात."

"कंपनीला न सांगणं वेगळं. मला सांगायला काय हरकत आहे?"

"बाई, खाणीच्या संपाच्या वर्षी पोलिसांनी मला रात्रभर बसवून नावं विचारली. एक दिलं नाही. आता पार्किंगवाल्यापायी देऊ?"

"म्हणजे जे तुम्हाला माहीत आहे, ते मी तुमच्या मदतीवाचून शोधायचं."

"म्हणून तर आलो," मॅटी म्हणाला. "फुकट सांगणारे गावात पुष्कळ आहेत."

मिस पॅलिस्टर क्वचित हसत. आत्ता हसल्या.

हार्कडीनला जायला मॅटीचीच गाडी होती, जुनी हिरवी, मागे मोठी डिकी असलेली.

"मास्तर, तुम्ही चालवा," तो लम्लींना म्हणाला. "माझ्या पाठीचा भुगा झालाय. ती सीट मागे जाऊन अडकलीय, पुढे यायचं नाव नाही. प्रदर्शनाच्या दिवसांपासून पाठीला दोन उशा लावून चालवतोय."

लम्ली आत बसले, पाय सोडले आणि त्यांचा चेहरा उजळला. "इसोबेल, आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याच्या गाडीत माझे गुडघे हनुवटीला लागत नाहीयेत!"

"लक्षात ठेवीन," मिस पॅलिस्टर म्हणाल्या. लम्लींना ते सौजन्य वाटलं.

जुन्या प्रार्थनाघरामागचं मैदान रिकामं होतं. खांबावर कॅमेरा होता, नवा कोरा. नियमांची पाटीही होती. ती काटेरी झुडपाच्या आत गेली होती, आणि ती वाचायची तर आधी पक्षी व्हायला हवं होतं. मिस पॅलिस्टरनी तिचा फोटो काढला. मग त्या मैदान ओलांडून वाफ्यांकडे गेल्या.

"हे मागचं फाटक कुणाचं?"

"माझं," मॅटी म्हणाला. "हे घरच माझं. फाटक उघडलं की माझा वाफा, त्याला लागून विल्फचा. विल्फ राहतो दरीच्या पलीकडे, नव्या वस्तीत."

जानेवारीत वाफे उघडे पडले होते. तरी मॅटीने ते राजवाडा दाखवावा तसे दाखवले. प्रदर्शनाच्या आधी समिती येऊन प्रत्येक लीकच्या पानावर शिक्का मारते, तो इथे. शिक्का बसला की लीक बदलता येत नाही, आयत्या वेळी दुसऱ्याचा आणून मांडायची सोय नाही. मग शेवटचे दिवस नुसती धाकधूक. कुजला की बाद. फुटला की बाद. कांद्याला येतो तसा पोटात डेंगळा, म्हणजे फुलाचा टणक दांडा, धरला की बाद, आणि वर सगळ्यांसमोर टेबलावरून उचलून खाली ठेवतात.

"विल्फचे लीक कसे होते?" मिस पॅलिस्टरनी विचारलं.

मॅटीने वाकून मातीचं एक ढेकूळ बोटांनी फोडलं.

"चांगले होते," तो म्हणाला. "माझ्यापेक्षा चांगले." एवढं बोलायला त्याला सबंध जिना चढल्याइतका दम लागला.

क्लबात मोइरा नावाची बाई बार सांभाळत होती. लम्लींकडे एक नजर टाकून तिने न विचारता वाडगा भरला.

"घे राजा. लीकचं सूप. निवृत्तांच्या मदतीसाठी विकतो दर हिवाळ्यात. हे विल्फच्याच लीकचं, गोठवून ठेवलेलं. कापले गेले त्याच संध्याकाळी त्यानं सगळे गोळा केले, घरी नेऊन बारीक चिरले नि पिशव्या भरून आणून दिले. मी म्हटलं, आम्ही बायका चिरतो, तू बस रडत. पण कुणाला हात लावू दिला नाही."

"मोठ्या मनाचा माणूस," लम्ली म्हणाले आणि थांबले. त्यांनी तोंडातून काहीतरी काढून बशीच्या कडेला ठेवलं. "मोइराबाई, यात लाकूड आहे."

"लाकूड तुझ्या डोक्यात असेल, मास्तर. गपचूप खा."

"अंत्यविधीला तुम्ही होतात?" मिस पॅलिस्टरनी विचारलं.

"होते म्हणजे? नंतरचं चहापाणी माझ्याच गळ्यात होतं. इथून बस केली होती, गच्च भरली. उभ्यानं आले लोक. फक्त विल्फ वेगळा आला, त्याच्या व्हॅननं. त्याच्यासाठी हॅमचं ताट बाजूला काढलं होतं, त्याला हॅम म्हणजे जीव की प्राण. पण प्रार्थनेनंतर कुठे सटकला कोण जाणे. तसंच झाकून परत आणलं."

सेक्रेटरी क्लिफर्ड टिंडल हा उंच, वाळलेला माणूस होता. बोलताना तो समोरच्याऐवजी इतिवृत्ताकडे बघून बोलत असल्यासारखा वाटे. यंदाचा कप त्याच्याकडे गेला होता.

"नेहमी मी तिसरा," तो म्हणाला. "विल्फ, मॅटी, मी. किंवा मॅटी, विल्फ, मी. यंदा विल्फचे कापलेले, आणि मॅटीनं आपले मांडलेच नाहीत. म्हणाला, विल्फ नाही तर मी नाही."

"हे गुन्हेगाराचं वागणं वाटतं तुम्हाला?"

"मनाला टोचत असेल त्याच्या. बाई, मला हौस नाही. पण फोटो आहे."

"त्या दुपारी तुम्ही?"

"डग्लसवर भाषण मी केलं. नंतर चहाला पाद्रीबाबांच्या शेजारी. बसनं गेलो, बसनं आलो. माझ्या मांडीवर मोइराची बहीण होती. साक्षीदार हवे असतील तर अख्खी बस आहे."

विल्फ स्टोब्ज कोपऱ्यात एकटा बसला होता. बसलेला असूनही तो उभ्या लम्लींच्या खांद्याला येत होता. समोरच्या बिअरवरचा फेस कधीच मेला होता.

"कुणी कापले असतील?" मिस पॅलिस्टरनी विचारलं.

"बाहेरचे. टवाळ पोरं."

"मॅटी हिंडमार्श?"

"मॅटी नाही." हे मात्र झटकन आलं. "समितीलाही सांगितलं मी. म्हणतात, तू भला माणूस, म्हणून पाठीशी घालतोस."

"तुम्हाला कधी कळलं?"

"संध्याकाळी. वाफ्यावर गेलो तेव्हा."

त्यांनी फळ्याकडे मान वळवली. लाल शाईचा तो डोंगर बघण्यासारखा होता. "या कंपनीनं गावात कुणालाच सोडलेलं दिसत नाही. तुमचं पत्र यात कुठलं?"

"माझं एकही नाही," विल्फ म्हणाला. "सबंध सप्टेंबर माझी व्हॅन गॅरेजात उघडी पडली होती. गिअरबॉक्स. यंदा त्या बिअरच्या शर्यतीतही मी नव्हतो."

मिस पॅलिस्टरनी त्याचे आभार मानले. निघताना त्यांनी लम्लींच्या बशीच्या कडेचा तो तुकडा रुमालात गुंडाळला.

"इसोबेल, ते मी चावलेलं आहे," लम्ली कुजबुजले.

"म्हणूनच त्याची किंमत."

रविवारी दुपारी क्लब तुडुंब भरला. समितीने टाय लावले होते. मॅटी काळ्या सुटात पहिल्या रांगेत, ताठ. टेबलावर कप, आणि त्याच्याशेजारी कुणीतरी अगत्याने आणून ठेवलेली एक कानस.

"आधी एक सांगते," मिस पॅलिस्टर म्हणाल्या. "गाडी मिस्टर हिंडमार्शचीच होती. ती त्या दुपारी मैदानात होती आणि ज्यानं लीक कापले तोच तिच्यातून आला. सेक्रेटरींचं इथपर्यंत बरोबर आहे."

सभेत गलका झाला. क्लिफर्डने टेबलावर थाप मारली.

"पण मॅटीच्या घराचं मागचं फाटक विल्फच्या वाफ्यापाशी उघडतं. त्याला हे काम करायचं असतं तर तो सपाता घालून आला असता. समोरून गाडी काढायची, गावाला वळसा घालायचा, कॅमेऱ्याखाली जाऊन थांबायचं, हे कशासाठी? गाडी त्याला लागते, ज्याचं घर लांब आहे."

"माल न्यायला लागते," मागून कुणीतरी म्हणालं.

"नेलं काहीच नाही. संध्याकाळी लीक तिथेच पडलेले होते. मिस्टर टिंडल, दोन ओळी लीक सुरीनं कापायला किती वेळ लागतो?"

क्लिफर्डला ती कल्पनाच सहन झाली नाही. "पाच मिनिटं," तो कसाबसा म्हणाला.

"गाडी दुपारभर उभी होती. कंपनी याच गोष्टीचे पैसे मागतेय, आणि तुम्ही सगळ्यांनी तारीख वाचलीत, ही गोष्ट सोडून दिलीत. शत्रूला पाच मिनिटं लागतात. उचलली सुरी, कापलं, पळाला. दुपार कुणाला लागते? ज्याला कापवत नाही, त्याला. जो सुरी घेऊन वाफ्यावर बसून राहतो, त्याला. ज्यानं ते लीक वाढवले, त्याला."

मागच्या रांगेतले लोक पुढे वाकले.

मिस पॅलिस्टरनी रुमाल उलगडून तो तुकडा क्लिफर्डच्या हातावर ठेवला. "हा तुमच्या सुपातला. मिस्टर लम्लींना लाकूड वाटला."

क्लिफर्डने तो अंगठ्याखाली फिरवला आणि त्याचा चेहरा बदलला. त्याने तो शेजाऱ्याला दिला, शेजाऱ्याने पुढच्याला. त्या हातांना चष्मा लागत नव्हता.

"डेंगळा," शेवटचा म्हणाला.

"शिक्का बसला तेव्हा लीक निर्दोष होते," मिस पॅलिस्टर म्हणाल्या. "नंतर पोटात डेंगळा धरला. बदलता येईनात. मांडले असते तर सगळ्यांसमोर उचलून खाली ठेवले असते. कापले गेल्यामुळे मात्र ते अजिंक्य राहिले. म्हणून त्याच संध्याकाळी ते बारीक चिरले गेले आणि दुसऱ्या कुणाला सुरी लावू दिली नाही."

लम्लींनी आपल्या वाडग्याकडे नव्या आदराने पाहिलं.

"राहिला चालक. मॅटीच्या गाडीची सीट त्या दिवसांत कुणीतरी मागे रेटली, ती अजून तिथेच अडकलीय. माणूस उंच. मिस्टर टिंडल उंच आहेत, पण ते बसभर लोकांच्या नजरेत होते. हा उंच माणूस बसनं गेला नाही. प्रार्थनेला दिसला, चहाला नाही, त्याचं ताट तसंच परत आलं. लोकांना वाटलं, तो स्वतःच्या वाहनानं आला. त्याचं वाहन त्या महिन्यात गॅरेजात होतं. म्हणजे त्यानं कुणाचं तरी मागून घेतलं."

त्यांनी पर्स बंद केली.

"नाव मला माहीत आहे. मॅटीला तर पहिल्या दिवसापासून माहीत आहे. पण या गावात चालकाचं नाव दुसऱ्यानं सांगायची रीत नाही, असं मला बजावण्यात आलंय. मी पाहुणी आहे. मी रीत मोडणार नाही."

आणि त्या खाली बसल्या.

अख्ख्या सभेत एकाही माणसाने कोपऱ्याकडे पाहिलं नाही. सगळे समोर बघत होते, आणि ते किती अवघड होतं ते त्यांच्या मानांवरून कळत होतं.

मग कोपऱ्यातली खुर्ची सरकली. विल्फ स्टोब्ज उभा राहिला. उभा राहायला त्याला वेळ लागला, कारण माणूस बराच होता.

"चालक मी होतो," तो म्हणाला. "शिक्क्यानंतर हाताला लागलं लीकच्या पोटात काहीतरी टणक. रोज वाटायचं, नसेल. डग्लसकडे जायला म्हणून मॅटीची गाडी मागितली. त्यानं किल्ली दिली, कशाला म्हणून विचारलंसुद्धा नाही. प्रार्थना झाली नि मी इकडे आलो. बसून राहिलो. मॅटी आज बोलेल, उद्या बोलेल असं वाटायचं. बोलला असता तर सुटलो असतो मी."

"मी का बोलू?" मॅटी मागे न वळता म्हणाला. "तोंड तुला दिलंय ना देवानं? चांगलं मोठं दिलंय."

कुणीतरी हसलं आणि खोलीतली हवा मोकळी झाली. क्लिफर्ड नियमांची वही चाळत होता. दुसऱ्याचे लीक कापल्यास हकालपट्टी, असं होतं. स्वतःचे कापल्यास काय, हे लिहायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

"नियम नाही," त्याने जाहीर केलं. मग तोही उभा राहिला. "मॅटी, समिती तुझी माफी मागते. आणि मीही."

"उभ्यानं मागितलीस," मॅटी म्हणाला. "चालेल." त्याने कानस उचलली आणि बारपाशी नेऊन मोइराच्या हातात दिली.

उरलं पत्राचं उत्तर. मिस पॅलिस्टरनी मॅटीसाठी दोन ओळी लिहून आणल्या होत्या: गाडीचा मालक मी, चालक मी नव्हतो. विल्फने पेन मागितलं आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं: चालक मी, विल्फ्रेड स्टोब्ज, पत्ता सोबत. तुमची पाटी झुडपात आहे, फोटो सोबत. पैसे मिळणार नाहीत. कोर्टात या.

"फार तुटक नाही का झालं?" लम्लींनी विचारलं.

"वीस वर्षं मी ती पत्रं पाठवली," मिस पॅलिस्टर म्हणाल्या. "लोक रडायचे, विनवायचे, हप्ते मागायचे. असं एक जरी आलं असतं, तरी आम्ही फाईल बंद केली असती."

तसंच झालं. कंपनीने प्रकरण पुढे चालवणार नसल्याचं कळवलं. हार्कडीनमध्ये त्या दिवशी हळहळ पसरली, कारण कोर्टात जायला बस ठरवून झाली होती आणि सगळ्यांचे काळे सूट इस्त्री करून तयार होते.

त्याच आठवड्यात मॅटीने विल्फला आपल्या काचघरात नेलं. तिथे आजवर त्याच्या बायकोलाही मज्जाव होता. दिव्यांखाली केसांएवढी बारीक हिरवी रोपं उभी होती. मॅटीच्या बापाने सुरू केलेली जात, तिचं एक पातंही कधी फाटकाबाहेर गेलेलं नव्हतं. मॅटीने एक खोका भरून विल्फच्या पुढे धरला.

"हे काय?" विल्फ म्हणाला. "दया करतोस माझ्यावर?"

"दया? वेड लागलंय का तुला? क्लिफर्डशी लढून कप जिंकू मी? घरी तोंड दाखवायला जागा राहील का?"

विल्फने खोका घेतला. ते प्रचंड पंजे रोपांभोवती अलगद वळले.

"आणि याच जातीनं मी तुला पाडलं तर?"

"पाड की," मॅटी म्हणाला. "कपावर नाव तुझं लागेल. बघायला येईल तो मात्र विचारेल, लीक कुणाच्या जातीचे?"

"मी सांगणार नाही."

"नको सांगूस," मॅटी म्हणाला. "बघितल्यावर कळतं."